आधी रान कोणतं ते सांगा

रानगाड्यांच्या बाबतीत एक निकाल आता लागून गेला आहे आणि त्यावर अपील करावं असं कुणाला वाटत नाही. थार ही खरी गाडी, गुरखा ही हौशी वेड्यांची आणि जिम्नी हे खेळणं. पुण्या-मुंबईच्या गाडीपरीक्षकांनी हा निकाल दिला, विक्रीच्या आकड्यांनी तो कायम केला आणि आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरच्या चहाच्या टपऱ्यांवर तो पाठ झाला. माझी हरकत एवढीच आहे की हा खटला ज्या जमिनीवर चालला ती जमीन आमची नाही. काळ्या रानात, पावसाळ्यात, डांबर संपल्यावर कोणती गाडी पुढं सरकते असा साधा प्रश्न ठेवला, तर क्रम उलटा लागतो. जिम्नी पहिली येते. थार दुसरी. आणि बाजारात जी थार सर्वांत स्वस्त मिळते, ती तर या यादीत बसतच नाही.

मी जिम्नीचा मालक आहे, म्हणजे या वादात पक्षकार आहे. पण घरात थारही आहे. चुलतभावाची, डिझेल, चारही चाकांना ताकद देणारी. आमची दोघांची वावरं एकाच पांदणीवर आहेत आणि त्या पांदणीवरून दोन्ही गाड्या मी चालवतो. धंदा खता-बियाण्यांचा. या धंद्यात बियाणं विकून गल्ल्यावर बसून भागत नाही. कापसावर तुडतुडे दिसले, सोयाबीन पिवळं पडलं, हळदीला करपा लागला की शेतकरी बांधावर बोलावतो. आणि तो बोलावतो तेव्हा हमखास आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला असतो. रस्ता सोडून गाडी घालणं हा माझा रविवारचा खेळ नव्हे.

आता परीक्षकांची पद्धत बघा. लोणावळ्याच्या आसपासचा एखादा खडकाळ चढ, नाहीतर लडाख, नाहीतर राजस्थानातली वाळू. तिथं गाडी तिरकी उभी करायची, एक चाक हवेत लोंबकळलेलं दाखवायचं आणि मग आकडे वाचायचे. थारचं नाक 41.8 अंशांच्या चढाला लागत नाही, जिम्नीचं 36 अंशांपर्यंतच. थारचं पोट जमिनीपासून 226 मिलिमीटर, जिम्नीचं 210. थारच्या डिझेल इंजिनाची ओढ 300 न्यूटन-मीटर, जिम्नीच्या पेट्रोल इंजिनाची 134. तीन आकडे, तिन्हीत थार पुढं, विषय संपला.

हे आकडे खरे आहेत. प्रश्न असा की आमच्याकडं 41 अंशांचा चढ आणायचा कुठून? हिमायतनगरहून सरसमकडे जा किंवा पैनगंगेच्या काठानं पळसपूर-डोल्हारीकडे उतरा; गाडीचं नाक घासेल असा चढ मुद्दाम शोधावा लागेल. इस्लापूरच्या पुढं किनवट-माहूरकडे डोंगर लागतात, सागाचं रान लागतं, दगड लागतात. तिथं परीक्षकांचं म्हणणं मी मान्य करतो. पण या तालुक्यातली बहुतेक शेती सपाट काळीवर आहे, आणि सपाट काळीवर गाडी अडते ती उंचीमुळं अडत नाही.

ती चिकटपणामुळं अडते. काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यात वावरात भेगा पडतात, त्यांत कोपरापर्यंत हात जातो. तेव्हा ही जमीन इतकी टणक असते की तिच्यावरून कोणतीही गाडी जाईल, शाळेची व्हॅनसुद्धा. मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की वरची तीन-चार बोटं लोण्यासारखी होतात, खाली मात्र जमीन अजून कोरडी आणि कडक असते. श्रावणापर्यंत पाणी खोल मुरलेलं असतं आणि मग खाली टेकायला काही उरत नाही. म्हणजे एकच पांदण वर्षातून तीन वेगवेगळे रस्ते असते. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वाफसा आल्याशिवाय तो रानात औत घालत नाही. गाडीच्या माहितीपत्रकात वाफशाचा रकाना नसतो, आणि आमच्याकडं गाडी जाणार की रुतणार हे निम्म्याहून जास्त त्या रकान्यावर ठरतं.

ओल्या काळीत चाकाचं काय होतं ते परीक्षकांनी एकदा खाली उतरून पाहावं. टायरच्या खाचा दोन-तीन फेऱ्यांत मातीनं भरतात. माती झटकून पडत नाही. थरावर थर चढत जातो आणि शेवटी चाकाच्या वरच्या पत्र्याला घासायला लागतो. अशा वेळी बाजारातला महागडा ऑल-टेरेन टायर आणि गोटा झालेला जुना टायर यांत फरक उरत नाही. चारही चाकांना ताकद असली तरी चारही चाकं एकदम जागच्या जागी फिरतात. मग गाडी हलणार की बसणार हे ज्या गोष्टीवर ठरतं, ती तुलनेच्या तक्त्यात सहसा शेवटच्या ओळीत असते किंवा नसतेच: वजन.

जिम्नी साधारण बाराशे किलोची. चारही चाकांची थार साधारण पावणेदोन टनांची. गुरखा दोन टनांच्या वर. लोक म्हणतात, थारचे टायर रुंद आहेत, 255 मिलिमीटर, वजन पसरतं. जिम्नीचे 195, सायकलीसारखे. हिशेब करून बघू. पावणेदोन टन चार चाकांवर वाटले तर एका चाकावर सव्वाचारशेच्या वर किलो येतात. टायरच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरवर हा भार सतरा किलोंच्या पुढं जातो. जिम्नीच्या एका चाकावर तीनशे किलो. दर सेंटिमीटरवर साडेपंधराच्या आत. म्हणजे अरुंद टायर असूनही जिम्नीचा बोजा कमीच पडतो. हिशेब ढोबळ आहे. टायरचा घेर आणि त्यातली हवा यांनी तो बदलतो, थारच्या टायरचा घेरही मोठा आहे. पण हवा कमी करून जमिनीवर टायर पसरवायचा असेल तर हलक्या गाडीत ती जास्त कमी करता येते, जड गाडीत टायर रिमवरून निसटायची भीती लवकर येते. म्हणजे तिथंही हलकी गाडीच फायद्यात.

शिवाय मृगातल्या पावसानंतर, वर लोणी आणि खाली कडक अशी जमीन असते तेव्हा, अरुंद टायर ते लोणी कापून खाली टेकतो. रुंद टायर वरच्या वर घसरतो. बैलगाडीच्या चाकाची धाव अरुंद का असायची हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे पटवून द्यायला लागू नये.

आता समोरच्या बाजूचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि तो टपरीवरचे लोक मांडत नाहीत म्हणून मीच मांडतो. टायरच्या खाचांत भरलेली काळी फेकायची तर चाक जोरात फिरवावं लागतं. त्याला ताकद लागते. थारमध्ये ती भरपूर आहे. फोर-लोमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर थारची चाकं अशी फिरतात की माती उडून मागच्या माणसाच्या तोंडावर येते आणि टायर क्षणभर स्वच्छ होतो. जिम्नीला हे जमतं, पण इंजिन रडवावं लागतं. दुसरी गोष्ट ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांची. ट्रॉली भरून गेली की पांदणीत दोन खोल चर पडतात आणि मधे वरंबा राहतो. जिम्नीचे दोन्ही अॅक्सल अखंड आहेत, पुढचासुद्धा, त्यामुळं डिफरन्शियलचा गोळा पुढंही लोंबतो आणि मागंही. भारतातली पाच दारांची जिम्नी लांबवलेली, दोन अॅक्सलमधलं अंतर 2590 मिलिमीटर, थारचं 2450. वरंब्यावर पोट टेकायचं तर जिम्नीचं आधी टेकतं. इथं थारला गुण द्यावेच लागतील आणि मी ते देतो.

पण त्याच पांदणीचा दुसरा हिशेब आहे. पांदण सरकारी नकाशावर रुंद असते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी एकेक तास नांगर आत येत येत ती आक्रसलेली असते, आणि जे उरलं त्यावर वेड्या बाभळी झुकलेल्या असतात. सरकारनं 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती उगाच नव्हे. थारची रुंदी 1820 मिलिमीटर, जिम्नीची 1645. साडेसतरा सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. समोरून कापसाची गाडी आली आणि एका बाजूला पाण्यानं भरलेला चर असला की तो फरक म्हणजे चाक कडेवर राहणं आणि चरात जाणं. जड गाडी कडेवरून घसरायला लागली की तिला थांबवणं ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. हलकी गाडीही घसरते, पण तिला चार माणसं खांदा लावून परत वर आणू शकतात. थारला खांदा लावणारे चार जण मी पाहिले आहेत. नंतर ते ट्रॅक्टर बोलवायला गेले.

ताकद कमी म्हणून गाडी कमी, हा समज तर इतिहासालाच धरून नाही. मारुतीची जिप्सी 1985 मध्ये आली तेव्हा तिचं इंजिन एक लिटरचंही नव्हतं आणि ताकद 45 अश्वशक्ती. ती गाडी पुढं भारतीय लष्करानं दशकानुदशकं वापरली, आणि ताडोबात वाघ दाखवायला आजही जिप्सीच नेतात. 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिची खुबी एकच होती, वजन टनाच्या आसपास. 2007 मध्ये चिलीच्या दोघांनी ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर 6688 मीटरपर्यंत मोटार चढवली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता, आणि ती मोटार म्हणजे बदल केलेली सुझुकी सामुराई, जिप्सीची सख्खी बहीण. तितक्या विरळ हवेत इंजिनं निम्मी होतात. तरीही त्यांनी मोठी, जड गाडी न निवडता हलकी गाडी निवडली. हिमायतनगरला ज्वालामुखी नाही हे मला ठाऊक आहे. पण वजनाचं गणित बर्फात, वाळूत आणि चिखलात सारखंच चालतं.

पुढचा आक्षेप विक्रीचा. जिम्नी चांगली असती तर खपली नसती का? जून 2023 मध्ये 12.74 लाखांपासून 15.05 लाखांपर्यंत किमती लावून ती आली, वर्ष संपायच्या आत थंडर एडिशन काढून सुरुवात 10.74 लाखांवर आणावी लागली, आणि नंतरही देशातली विक्री अनेक महिने काहीशेंवर अडकली. थार हजारांनी खपते. हे सगळं खरं. पण हीच पाच दारांची जिम्नी, गुरुग्रामच्या कारखान्यात बनलेली, जानेवारी 2025 मध्ये जपानात नोमाद या नावानं जाहीर झाली आणि चारेक दिवसांत सुमारे 50 हजार मागण्या आल्यावर कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. मग जपानी लोकांना गाड्यांतलं कळत नाही असं म्हणायचं का? विक्रीचा आकडा गाडी रानात कशी चालते ते सांगत नाही. घेणारा ती कुठं चालवणार आहे ते सांगतो. आपल्याकडं पंधरा लाखांची गाडी घेणारा माणूस बहुतांशी डांबरावर राहतो, आणि डांबरावर जिम्नी खरंच सामान्य आहे. अंगावर येत नाही, लग्नाच्या मांडवासमोर शोभत नाही, मागं बॅगा ठेवायला जागा 208 लिटरच. त्यानं ती घेतली नाही यात त्याचं काही चुकलं नाही. पण त्याच्या नकारावरून माझ्या पांदणीचा निकाल लावू नये.

आता त्या दुसऱ्या थारबद्दल, जिच्यावर टपरीतला कुणीच बोलत नाही. जानेवारी 2023 मध्ये महिंद्रानं थारचा एक स्वस्त अवतार आणला: दीड लिटरचं डिझेल इंजिन, ताकद फक्त मागच्या चाकांना. सुरुवातीची किंमत 9.99 लाख. दिसायला तीच थार, तोच रुबाब, तीच चौकोनी पाठ. पुढच्या चाकांना ताकद नाही हे बाहेरून ओळखायला गाडीखाली वाकावं लागतं. मग 22 सप्टेंबर 2025 पासून नवे जीएसटी दर आले. चार मीटरच्या आतली आणि दीड लिटरपर्यंत डिझेल इंजिनाची गाडी 18 टक्क्यांत बसली, म्हणून ही मागच्या चाकांची थार स्वस्त झाली. चारही चाकांना ताकद देणारी थार, तिचं इंजिन 2.2 लिटरचं म्हणून, 40 टक्क्यांत. जिम्नीचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं. पेट्रोलची मर्यादा 1200 सीसी, म्हणून तीही 40 टक्क्यांत. कुणाचा हेतू तसा असेल असं मी म्हणत नाही, पण परिणाम असा झाला की रानात चालणाऱ्या दोन्ही गाड्यांवर चैनीचा कर आणि रानात न चालणाऱ्या गाडीवर सामान्य माणसाचा.

ओल्या काळीत मागच्या चाकांची थार ही सर्वांत वाईट जुळणी आहे. वजनाचा मोठा भाग पुढं इंजिनाखाली, ओढणारी चाकं मागं, मागं माल नाही, टायर रुंद. मागची चाकं जागेवर फिरतात, पुढची नांगरासारखी माती ढकलतात. तालुक्यात ज्यांना थार म्हणून अभिमानानं दाखवलं जातं त्या गाड्यांत या प्रकारातल्या काही कमी नाहीत. त्यांचे मालक जिम्नीला खेळणं म्हणतात तेव्हा मी काही बोलत नाही, फक्त जुलै महिन्याची वाट बघतो.

आणखी एक आक्षेप, आणि तो गाडीवाल्यांचा नाही, शेतकऱ्यांचा आहे: रानात जायला ट्रॅक्टर आहे, गाडी रस्त्यावर उभी करा. स्वतःच्या शेतात जाणाऱ्यासाठी हे शंभर टक्के बरोबर आहे. पण गावोगावच्या शेतांवर जाणारे आम्ही लोक आहोत, जनावरांचे डॉक्टर आहेत, विजेच्या लाइनवरचे कर्मचारी आहेत. आणि पावसाळ्यात शेतातल्या आखाड्यावर रात्री साप चावला तर? 108 क्रमांकाची रुग्णवाहिका डांबरापर्यंत येते. आखाड्यापासून डांबरापर्यंतचं अंतर ट्रॉलीत, धक्के खात, पावसात कापायचं की बंद गाडीत, हा प्रश्न ज्यांच्यावर आला आहे त्यांना विचारा. दंश झालेल्या माणसाला चालवायचं नसतं, हलवायचंही कमीत कमी असतं.

खरी अडचण मला बोलेरोची आहे. जिम्नीची बाजू घेऊन उभं राहिल्यावर थारवाल्यांना मी उत्तर देऊ शकतो. बोलेरोवाला समोर आला की आवाज खाली येतो. 2000 साली आलेली ही गाडी, मागं पाटे, साधं डिझेल इंजिन, माणसं सात, प्रत्यक्षात दहा. भोकरला असो की किनवटला, तिचं काम येत नाही असा मेकॅनिक मिळणार नाही. ती मागच्याच चाकांवर चालते आणि ओल्या काळीत रुततेच. पण मागं माणसं आणि पोती भरलेली असतात, त्यामुळं मागच्या चाकांवर वजन येतं आणि ती अपेक्षेपेक्षा बरीच पुढं जाते. रुतली तर तिच्यातलेच आठ जण उतरून ढकलतात. यावर परीक्षकांनी कधी तक्ता केलेला मी पाहिला नाही. ज्याला वर्षातून पाच-सहा वेळाच ओल्या रानात जायचं आहे आणि घरात माणसं आहेत, त्यानं जिम्नी घेऊ नये, थार घेऊ नये, बोलेरो घ्यावी. हे मी माझ्या दुकानात आलेल्या लोकांना सांगतो आणि त्यातले थोडे ऐकतातही.

पाण्याच्या बाबतीत माझी बाजू कमजोर आहे. थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. गुरखा 700, आणि हवा घेणारी नळी कारखान्यातूनच टपाच्या उंचीवर. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ही गाडी, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची. ज्यांच्या ट्रॅक्सनं काळी-पिवळी होऊन अर्धा मराठवाडा वाहून नेला त्यांचीच. 2024 पासून तिला 140 अश्वशक्तीचं इंजिन आणि पाच दारंही मिळाली. पुढच्या-मागच्या दोन्ही अॅक्सलना हातानं लावायचं डिफ लॉक आहे. ते थारलाही नाही, जिम्नीलाही नाही. साचलेल्या पाण्यात, ओढ्याच्या दगडगोट्यांत, दोन चाकं तिरकी हवेत लटकत असताना गुरखाला तोड नाही. तिच्यावर आक्षेप एकच, तिचं वजन. आणि काळीत तो आक्षेप सगळ्यांवर भारी पडतो. उलट पाण्यात वजन कामाला येतं. हलकी गाडी लवकर तरंगते, आणि तरंगलेल्या गाडीला फोर-लो नसतो. जिम्नी घेऊन भरलेल्या फरशी पुलाकडे जाणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं.

थारवाल्यांनीही लक्षात घ्यावं. ते 650 मिलिमीटर उभ्या पाण्याचे आहेत. ईसापूर धरणाचे दरवाजे उघडले की पैनगंगा काय करते हे हदगाव-हिमायतनगरच्या काठावरच्या गावांना पाठ आहे. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना उचलू शकतं, त्यांच्यावर कोणतंही नाव असो. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव ही गावं पाण्यात गेली, माणसं काढायला लष्कर आलं, बोटी आल्या. मोठ्या टायरच्या गाड्यांनी तिथं काय केलं असतं? पुलावरून पाणी जात असताना गाडी घालून चित्रफीत काढणारे तरुण दर पावसाळ्यात दिसतात. माहितीपत्रकातला एक आकडा वाचून त्यांना बळ आलेलं असतं. तुलना करणाऱ्यांनी तो आकडा छापताना त्याच ओळीत पाणी उभं की वाहतं हे छापलं नाही, तर ती तुलना नुसती अपुरी राहत नाही, धोकादायक होते.

बाकीचे मुद्दे भरभर. डिझेलचा खर्च थारच्या बाजूनं. नांदेडला जायचं, महामार्गावर ट्रक ओलांडायचे, तर थार आरामात. जिम्नीत ओलांडायच्या आधी विचार करावा लागतो. बायको-मुलं आणि आईवडील यांना एकत्र घेऊन माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जायचं तर तीन दारांची थार ही शिक्षा आहे. त्यापेक्षा 2024 मध्ये आलेली पाच दारांची थार रॉक्स बरी, पण तिचे दोन अॅक्सल 2850 मिलिमीटर अंतरावर, म्हणजे पांदणीतल्या वरंब्यावर पोट टेकायची भीती तिलाही आहेच. सुरक्षेच्या चाचणीत रॉक्सला भारत एनकॅपचे पाच तारे आहेत आणि महामार्गावर रोज जाणाऱ्यानं त्याला माझ्या चिखलाच्या हिशेबापेक्षा जास्त किंमत द्यावी.

जिम्नीवाल्यांचाही एक गोतावळा तयार झाला आहे. गाडी कुठंही जाते असं ते सांगत फिरतात. श्रावणातल्या भिजलेल्या रानात ती जात नाही. कुणीच जात नाही. चार दिवस ऊन पडेपर्यंत घरी बसणं हाच उपाय असतो, आणि ज्याला वाफसा कळतो तो बसतो. हेच लोक फोर-हायचा दांडा ओढून कोरड्या डांबरावर गाडी पळवतात. थारवालेही यात मागं नाहीत. दोन्ही गाड्यांना पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या दरम्यान मधलं डिफरन्शियल नाही. कोरड्या, घट्ट रस्त्यावर वळताना ताण सगळा ट्रान्सफर केसवर येतो. मग दांडा अडकतो, आवाज येतो आणि खर्च निघाला की गाडीच्या नावानं बोटं मोडायची. एवढं तर माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं.

तेव्हा माझी मागणी फार नाही. थारविरुद्ध जिम्नी असा निकाल पुन्हा द्यायचा असेल तर आधी मैदान सांगा. थार म्हणजे कोणती, दोन चाकांची की चार चाकांची, ते सांगा. वजन पहिल्या ओळीत छापा. आणि हिंमत असेल तर पुढच्या मृगात, पहिला मोठा पाऊस उघडल्यावर दुसऱ्या सकाळी इकडं या. दोन्ही गाड्यांना कंपनीनं दिलेलेच टायर ठेवा, टाकी भरा, मागं दोन माणसं आणि युरियाची दोन पोती टाका. पांदण मी दाखवतो. ट्रॅक्टर आणि दोरखंडही माझ्याकडून. ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे ज्याची गाडी ओढावी लागेल त्यानं द्यायचे. चुलतभाऊ तयार आहे. फक्त तो म्हणतो, डिझेलचे पैसे आधी ठेवून घे.